मिठातील क्लोरीनचे काय करायचे?

काच आणि साबण या दोन्ही धंद्यांना धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, लागत आला आहे. त्यातील सोडियम मिळवायचे मिठातून. पण मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियम घेतल्यावर उरलेल्या क्लोरीनचे काय करायचे? सोड्याच्या कारखानदारीपुढे हा प्रश्न पहिल्यापासून उभा आहे.

फ्रान्समधील निकोला लब्लां याने १७९१ साली आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तीत प्रथम मिठावर गंधकाम्लाची क्रिया करीत. मिठातील क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपाने धुराड्यातून बाहेर पडे आणि आसपासची झाडे व पिके करपत. अखेर १८६३ साली ब्रिटनने कायदा करून, यातील निदान ९५ टक्के वायू अडविण्याची सक्ती कारखान्यांवर केली.

त्याच वर्षी बेल्जियममध्ये अर्नेस्ट सॉल्वे याने भाऊ आल्फ्रेड याच्यासह आपली कंपनी स्थापन केली. आजारपणामुळे अर्नेस्टला विद्यापीठात जाता आले नव्हते. तो काकांच्या गॅस कारखान्यात काम करी. तेथे दगडी कोळशापासून गॅस बनविताना अमोनियायुक्त पाणी मिळे. त्यातूनच त्याला नवी पद्धत सुचली.

ती अशी: मिठाच्या संपृक्त द्रावणात अमोनिया मिसळून कार्बन डायऑक्साइड सोडला, की कमी विद्राव्य असलेला खाण्याचा सोडा तळाशी बसतो. तो तापविला की धुण्याचा सोडा मिळतो. द्रावणात नवसागर उरतो. चुनखडी भाजून कार्बन डायऑक्साइड मिळवितात. त्या वेळी उरलेल्या चुनकळीची निवळी न करता दाट दूध करून ते नवसागरात मिसळले, की अमोनिया परत मिळतो.

ही क्रिया इतरांनाही ठाऊक होती. पण महाग अमोनिया गळून जाई आणि धंदा तोट्यात येई. सॉल्वेने उंच मनोरा बांधला. त्यात वरून अमोनियायुक्त मिठाचे पाणी उतरे व खालून वायू चढे. १८६५ साली उत्पादन सुरू झाले. पुढे या सोड्याच्या स्वस्ताईपुढे लब्लांचे कारखाने टिकले नाहीत. सॉल्वेच्याच पैशातून १९११ साली ब्रुसेल्स येथे भौतिकशास्त्राची प्रसिद्ध परिषद भरली. आइन्स्टाइन व मादाम क्युरी तिला हजर होते. त्याची कंपनी आजही सोडा बनविते.

आता जमाखर्च मांडा:

मीठ + चुनखडी → सोडा + कॅल्शियम क्लोराइड

अमोनिया परत आला. क्लोरीन मात्र कॅल्शियम क्लोराइडमध्ये जाऊन बसला. थंड देशांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी त्यातील थोडे वापरतात. परंतु सगळे खपत नाही आणि पुष्कळसे पाण्याबरोबर नदीत वा समुद्रात सोडले जाते. हवेतला प्रश्न पाण्यात गेला.

यापुढे प्रयोगवहीत समीकरण लिहिताना त्याखाली आणखी एक ओळ लिहा: काय उरले, आणि ते कोठे गेले?