कंबरदुखी आणि बैठे काम

गल्ल्यावर बसणारा दुकानदार, शिलाई मशीनवरचा टेलर, कारचोबावर वाकून जरीकाम करणारा कारागीर आणि ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे हिशेब करणारा कारकून. यांचे धंदे वेगळे असले तरी तक्रार एकच असते : कंबर धरली. अशा वेळी घरची वडीलधारी मंडळी सांगतात, "आठ दिवस पडून राहा." पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. परंतु रोजावर किंवा नगावर काम करणाऱ्याने आठ दिवस पडून राहणे म्हणजे आठ दिवसांची रोजी बुडवणे. तेव्हा हा सल्ला कितपत बरोबर आहे, हे पाहिले पाहिजे.

कंबर का धरते?

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये गादीसारखी चकती असते आणि भोवतालचे स्नायू या सर्वांना आधार देतात. तासन्‌तास एकाच स्थितीत बसले की तेच स्नायू थकतात व आखडतात. बहुतेक कंबरदुखीत मणका मोडलेला किंवा सरकलेला नसतो. म्हणून कंबर दुखताच घाबरून जाऊ नये.

विश्रांती की हालचाल?

१९८६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस, तर काहींना सात दिवस झोपून राहण्यास सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले आणि त्यांच्या प्रकृतीचे काहीही बिघडले नाही. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या नोकरदारांवर असाच प्रयोग झाला. काहींना अंथरुणात ठेवले, काहींना कमरेचे व्यायाम दिले आणि काहींना सोसेल तेवढे नेहमीचे काम चालू ठेवण्यास सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते नेहमीचे काम चालू ठेवणारे. सर्वांत उशिरा, अंथरुणात पडून राहणारे.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. जुनाट कंबरदुखीसाठी या संघटनेने २०२३ साली जो सल्ला दिला, त्यात व्यायामाला स्थान आहे. कमरेचा पट्टा सरसकट वापरू नये, असेही त्यात म्हटले आहे.

काय करावे?

१) अर्ध्या तासाने एकदा तरी जागेवरून उठावे, मग ते एक मिनिट का असेना. पाण्याचा माठ हाताशी न ठेवता चार पावलांवर ठेवावा. गिऱ्हाईकाला माल स्वतः उठून दाखवावा.

२) कटिंग, इस्त्री, घडी घालणे अशी उभ्याची कामे दिवसाअखेर एकदम न करता मधूनमधून करावीत.

३) रोज थोडे चालावे आणि हळूहळू वाढवावे.

४) कापडाचा गठ्ठा उचलताना अंगाजवळ धरावा. वाकलेल्या स्थितीत कंबर पिळू नये. जड गठ्ठा दोघांनी उचलावा.

५) कंबर धरली तर एखादा दिवस जड काम टाळावे, पण घरात फिरते राहावे.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातील जोर कमी होणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तरीही तपासणी लांबवू नये.

शेवटी कारखानदार बंधूंना एक विनंती. पुष्कळ ठिकाणी कारागीर जागेवरून उठला की त्याला कामचोर समजतात. दिवसभरात अशा उठण्यात जाणारी मिनिटे आणि कंबर धरल्यामुळे होणारे खाडे, यांचा हिशेब मालकांनी एकदा स्वतःच मांडून पाहावा. ऐन सणाच्या ऑर्डरीत कसबी हात घरी बसला, तर त्याच्या जागी दुसरा सहजासहजी मिळत नाही.