निरगुडी : ओढ्याकाठची राखणदार



उत्तर युरोपात व कॅनडात दलदलीच्या जमिनीवर ‘मिरिका गेल’ नावाचे सुगंधी झुडूप उगवते. पिसवा दूर राहाव्यात म्हणून स्कॉटलंडातील लोक त्याचा पाला अंथरुणात घालीत. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्रही धरतात. आपल्या मिरजगावच्या अवर्षणाच्या मुलखात दलदल कोठून असणार? तथापि ओढ्याकाठी निरगुडी आहे, व तिच्या उग्र वासालाही कीड बिचकते. नत्राचा गुण मात्र तिच्या अंगी नाही.

ओळख : एका देठास तीन किंवा पाच लांबट पाने, पानाची खालची बाजू पांढुरकी, फुले निळसर जांभळी, फळ लहान व काळे.

बांधासाठी : महसूल खात्याच्या नोकरीत बांधांच्या तंट्यांचे कागद मी पुष्कळ हाताळले. काठ ओढ्याने खाल्ला की हद्द हलते, आणि भाऊबंदांत वैर शिरते. निरगुडीची मुळे माती धरून ठेवितात व शेळ्यामेंढ्या तिला सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून काठावरील निरगुडी जाळू नये. पावसाळ्याच्या आरंभी बोटभर जाडीच्या फांद्या हात-हात अंतराने लावाव्या. त्या सहज फुटतात.

धान्यासाठी : ज्वारी प्रथम कडक उन्हात वाळवावी; दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. पाला सावलीत पूर्ण सुकवून कणगीत धान्याच्या थराआड एकेक थर द्यावा. एके वर्षी मी घाईने ओला पाला घातला, आणि वरची ज्वारी बुरसली. तसेच, दाण्याच्या आत शिरलेली कीड या पाल्याने मरत नाही. तो केवळ बाहेरून येणारीस अटकाव करतो. दर महिन्यास धान्य पाहावे, आणि कीड दिसताच पुन्हा ऊन द्यावे.

आजकाल काही घरांत धान्यात अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. निजलेल्या माणसाचा तो प्राण घेऊ शकतो, व त्यावर उतारा नाही. राहत्या घरात ही गोळी कदापि ठेवू नये. चार पायल्या ज्वारी किडीने नेली तर पुढल्या सुगीस भरून येईल; घरातील माणूस भरून येणार नाही.

असो. येत्या मृगात प्रत्येकाने आपल्या काठावर निरगुडीच्या दहा फांद्या तरी लावाव्या, एवढीच विनंती.