शिरगावला गरी टाकायची, तर खिशात किती हवेत?

शिरगावच्या किनाऱ्यावर उभं राहून मासे गरवायचे असतील, तर सगळं सामान मिळून साडेपाच ते नऊ हजारांत बसतं. दुकानदार वीस हजारांचा रॉडही दाखवील. तो वाईट नसतो, पण इथे त्याची गरज नाही. हा किनारा उथळ आणि सपाट. ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि भरतीबरोबर मासाच कडेला येतो. तेव्हा लांब फेकण्यावर पैसे घालण्याआधी दिनदर्शिका बघा. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करा, थोडं मागेपुढे तितक्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याआधीचे दोन-अडीच तास तुमचे. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याची ओढ कमी असते. नवख्यांनी तेव्हाच सुरुवात करावी.

आता सामान. सर्वांत आधी दोरी, कारण गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत खरी क्रांती दोरीत झाली. सुती दोरी भिजली की जड व्हायची, आणि न वाळवता ठेवली तर कुजायची. 1938 साली ड्युपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि पुढे त्याचाच एकपदरी धागा, म्हणजे आपला तंगूस, आला. न कुजणारा, पाण्यात न दिसणारा आणि स्वस्त. 1990 च्या दशकात पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची विणलेली ब्रेड लाइन आली. तेवढ्याच ताकदीला ती तंगुसाच्या जवळपास निम्म्या जाडीची असते. त्यामुळे वारा आणि पाणी तिला कमी ओढतात, आणि माशाने नुसतं टोचलं तरी हाताला कळतं. तीनशे मीटर तंगूस तीनशे ते पाचशे रुपयांना मिळतो, तेवढीच चांगली ब्रेड बाराशे ते अडीच हजारांना.

माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिलं वर्ष 0.35 ते 0.40 मिलिमीटरचा तंगूस वापरा. ब्रेड बोट कापते, तिचा गुंता सुटत नाही आणि चुकलेली फेक महागात पडते. पण दोन्हींच्या पुढे जाड तंगुसाचा लीडर हवाच. रॉडच्या दुप्पट लांब, शिवाय रीलवर चार-पाच वेढे. शंभर ग्रॅम शिशाला सोळा-अठरा किलो ताकदीचा. लीडर नसेल तर फेकताना दोरी तुटते आणि शिसं गोळीसारखं सुटतं. रविवारी शिरगावला किल्ला पाहून किनाऱ्यावर येणारी मुलंबाळं असतात. या दीड-अडीचशे रुपयांत काटकसर करू नका.

रीलला अडीच ते चार हजार बाजूला ठेवा. रीळ स्थिर ठेवून त्यावरून दोरी सुटू देण्याची युक्ती इंग्लंडच्या अल्फ्रेड इलिंगवर्थने 1905 साली पेटंट केली. आजच्या स्पिनिंग रीलचं मूळ तेच. नंतरची सुधारणा मुख्यतः ड्रॅगमध्ये, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी बेताने सुटू देणाऱ्या ब्रेकमध्ये, बेअरिंगमध्ये आणि खारं पाणी आत न शिरू देणाऱ्या सीलमध्ये झाली. 6000 किंवा 8000 आकाराचं घ्या. दुकानात बेअरिंग किती ते मोजत बसू नका. मूठ धरून हलवा, खडखडली तर परत द्या. ड्रॅग सैल करून दोरी ओढा, ती झटके न देता सुटली पाहिजे.

रॉड शेवटी. बांबूनंतर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात फायबरग्लास आला आणि 1970 च्या दशकात कार्बन. कार्बन हलका आणि ताठ असतो, पण आपटला की तडकतो. तो वीजवाहकही आहे, म्हणून तारांखाली आणि ढग गडगडत असताना तो उभा धरू नये. शिरगावसाठी बारा फुटी फायबरग्लास किंवा मिश्र रॉड, दोन ते साडेतीन हजारांचा, भरपूर झाला. तीन तुकड्यांचा घेतलात तर लोकलमधून पालघरपर्यंत आणि पुढे एसटीत सुखाने येतो. दुर्बिणीसारखा मिटणारा टाळा, त्याच्या सांध्यांत वाळू अडकते. जुना रॉड स्वस्तात मिळाला तर प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला म्हणजे कडीला चीर आहे, ती दोरी कापणार. जुन्या साध्या तारेच्या कड्यांवर ब्रेड तर वापरूच नका, ती धातूत खाच पाडते.

गऱ्या, स्विवेल, शिसं आणि पक्कड मिळून पाचशे. रॉड उभा करायला दोन इंची पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानातून तिरका कापून घ्या, दोनशेत काम होतं. आमिषाला कोळंबी, मांदेली किंवा बोंबील. पक्कड मात्र विसरू नका. शिंगाळ्याचे काटे विषारी असतात आणि इथे गरीला तो येतोच.

पापलेटची आशा धरू नका. 2023 साली राज्यमासा झालेला हा मासा शेजारच्या सातपाटीची ओळख आहे. पण तो प्लवक आणि जेलीफिशसारखं मऊ खाद्य खातो, त्यामुळे जाळ्यातच सापडतो. गरीला ढोमा, शिंगाळा, नशीब असेल तर रावस. जिथे कुणाची जाळी लावलेली आहेत, तिथे गरी टाकू नका. ती त्यांची रोजी आहे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राकडे तर फिरकूच नका.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोरदार फवारा मारू नका, त्याने मीठ आत जातं. ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. तुटलेला तंगूस किनाऱ्यावर टाकू नका, पिशवीत घालून परत आणा.