परदेशी निघण्यापूर्वी दवाखान्यात एक फेरी

मे महिना जवळ आला की पुण्यातल्या दवाखान्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "डॉक्टर, परवा रात्रीचं विमान आहे. बरोबर ठेवायला चार गोळ्या लिहून द्या." कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले असतात, कुणी सहलीबरोबर युरोपला. व्हिसा, परकीय चलन, गरम कपडे, भाकरवडी यांची तयारी दोन महिन्यांपासून चाललेली असते. डॉक्टरची आठवण मात्र शेवटच्या दिवशी होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एक रुग्ण, निवृत्त शिक्षिका, अशाच घाईत मुलीकडे अमेरिकेला गेल्या. त्यांना मधुमेह होता आणि इन्सुलिन चालू होते. सगळी औषधे मोठ्या सुटकेसमध्ये नीट भरलेली होती. ती सुटकेस दुसऱ्याच गावी गेली आणि तिसऱ्या दिवशी हाती आली. मुलगी माझी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेली, पण चिठ्ठीवर औषधांची आपल्याकडची व्यापारी नावे होती. शिवाय तिकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना बहुतेक औषधे मिळत नाहीत. बाईंची रक्तशर्करा चारशेच्या वर गेली आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या बऱ्या झाल्या, पण निम्मी चूक माझी होती हे मी विसरलेलो नाही. परदेशात आपल्या वयाच्या माणसांना सहसा तिकडचा अनोळखी रोग गाठत नाही. घरून बरोबर नेलेला जुना आजारच उलटतो. म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा.

औषधे कुठे ठेवावीत?

रोजची सर्व औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनासह ठेवा. मुक्कामापेक्षा आठवडाभराची जास्त घ्या. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात कधीही देऊ नका. तिथे ते गोठण्याची भीती असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. डॉक्टरांकडून आजाराचे नाव, औषधांची मूळ रासायनिक नावे आणि मात्रा असे पत्र इंग्रजीत, टंकलिखित घ्या. साध्या पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणतात, यावरून घोटाळा कसा होतो ते ध्यानात येईल.

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परत येताना आखडतो. इन्सुलिनच्या वेळा त्याप्रमाणे बदलाव्या लागतात. हे गणित विमानात बसून करू नये. आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

दुबईला जाणाऱ्यांसाठी

संयुक्त अरब अमिरातीत अफूशी संबंधित पदार्थांबाबत कायदा फार कडक आहे. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची वा वेदनाशामक औषधे पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत. तिथे खसखसही निषिद्ध आहे. तेव्हा मुलासाठी प्रेमाने केलेले अनारसे घरीच राहू द्यावेत!

विमानातील लांब बैठक

चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसल्यास पायाच्या खोल शिरांत रक्त गोठण्याचा संभव वाढतो. अलीकडे शस्त्रक्रिया झालेले, स्थूल, कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती यांना हा धोका अधिक असतो. दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे वरखाली हलवावेत, पाणी पीत राहावे. आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. उतरल्यावर, अगदी दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर "प्रवासाचा शीण असेल" म्हणून झोपून राहू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

बर्फाचे डोंगर

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख 3454 मीटरवर! रेल्वे आपल्याला थोड्या वेळात तिथे नेऊन सोडते. हवेचा दाब तिथे समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. निरोगी माणसाने तिथे सावकाश चालावे, धावपळ करू नये. थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले वा तीव्र पांडुरोगाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. पैसे भरले आहेत म्हणून जाणे हा हिशेब चुकीचा आहे. निघण्यापूर्वी महिनाभर रोज चाला, हळूहळू पर्वती चढून पाहा. पायऱ्यांवर छातीत दुखले, तर सहलीआधी तपासणी करा.

पाय आणि पोट

सहलीसाठी नवे बूट घेतल्यास ते पंधरा दिवस आधी घरी वापरा. मधुमेहींच्या पायांना बधिरपणा असल्यास फोड आलेला कळतही नाही. रोज रात्री तळवे पाहावेत. जेवणाला उशीर होतो, म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज असावेच. बँकॉक, बालीकडे जाणाऱ्यांनी बर्फ, कापून ठेवलेली फळे आणि नळाचे पाणी टाळावे. जुलाब झाल्यास पहिले औषध जलसंजीवनी. ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

लस आणि विमा

केनियाच्या अभयारण्यात जाणाऱ्यांना पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. साठीपुढील व्यक्तींनी मात्र ही लस डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी.

विम्याच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह लपवू नका. हप्ता थोडा वाचतो, पण नेमक्या वेळी दावा नाकारला जातो आणि तिकडचे बिल मुलाबाळांच्या गळ्यात पडते.

परत आल्यावर ताप आला, तर "कुठे जाऊन आलो" हे डॉक्टरांना न विचारता सांगा. हिवताप काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उद्भवतो.

त्या शिक्षिका नंतर पुन्हा मुलीकडे गेल्या. या खेपेस महिनाभर आधी आल्या, औषधे हातातल्या पिशवीत ठेवली आणि माझे पत्र टंकलिखित होते. तीन महिने राहून नातवंडांचे फोटो दाखवायला त्या दवाखान्यात आल्या. आपलाही प्रवास असाच सुखाचा होवो.