पाव्हणं होता आलं पाहिजे



'पाहुणा' हा शब्द संस्कृत 'प्राघुण'वरून आला. पुस्तकी अर्थ 'घरी आलेला' एवढाच. आपल्या भागात मात्र वाटेवरच्या अनोळखी माणसालाही 'काय पाव्हणं, कुठलं म्हणायचं?' असं विचारतात. ओळख व्हायच्या आधीच नातं जोडलेलं असतं. या शब्दाचा खरा अर्थ मला वर्गात नाही, अनगोळच्या शिवारात कळला.

भात निघालं, मागोमाग मसूरही निघाला, की अनगोळ-येळ्ळूर रस्त्याकडेच्या शेतांत धनगर मेंढरं बसवतात. रात्रभर मेंढरं बसली की लेंडीखत मिळतं. शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. बी.ए.ला असताना लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी ओव्या लिहून घ्यायला मी अशाच एका तळावर गेले.

घर म्हणावं असं तिथं काही नव्हतं. कोकरांसाठी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, तीन दगडांची चूल, सामान वाहणारी दोन घोडी, आणि वर आभाळ. एका म्हातारीनं मला बघितलं आणि घोंगडं झाडून अंथरलं. मी नाव, कॉलेज, प्रकल्प सांगायला लागले, तर म्हणाली, "त्ये मागनं सांग. आधी बस की बाळ."

तिनं दुधाचा पेला पुढं केला. मी म्हटलं, "नको मावशी." मनात होतं, यांच्याकडंच कमी, त्यात कोकरांच्या तोंडचं कशाला घ्यायचं? म्हातारीचा हात तसाच राहिला. हळूच म्हणाली, "आमच्यातलं चालत न्हाई व्हय तुला?"

माझ्या दयेचा तिनं काय अर्थ लावला, ते त्या एका वाक्यात कळलं. आणि तो अर्थ तिनं मनानं रचलेला नव्हता, आजवरच्या अनुभवानं तिला शिकवलेला होता. मी वही बाजूला ठेवली आणि पेला तोंडाला लावला. मग भाकरी आली, खर्डा आला. जेवण झाल्यावर म्हाताऱ्यानं, मी न मागताच, बिरोबाची ओवी धरली.

जगात इतरत्रही भटक्या पशुपालकांत हीच रीत दिसते. अरबस्तानातल्या बेदूईन लोकांत पाहुण्याला पहिले तीन दिवस 'का आलात?' असं विचारायचं नाही, असा जुना संकेत आहे. कॉफीचा पेला ते भरून देत नाहीत, थोडी थोडी ओततात. पुरे झालं, की पाहुण्यानं रिकामा पेला हलवून परत द्यायचा. म्हणजे नियम यजमानाला आहेत, तसे पाहुण्यालाही आहेत. बायबलमधला अब्राहामसुद्धा तंबूच्या दारातून धावत जाऊन अनोळखी वाटसरूंना थांबवतो आणि भाकरी, दही, दूध पुढं ठेवतो.

असं का? वाळवंट असो की माळरान, फिरणाऱ्याला आज ना उद्या दुसऱ्याच्या दारात थांबावंच लागतं. अनगोळच्या त्या शेतात धनगर कुटुंब शेतकऱ्याचं पाव्हणं होतं, पण घोंगडं अंथरल्याबरोबर ते माझं यजमान झालं. यजमान व्हायला घर लागत नाही.

जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) हे मूळचे भारतीय कायद्याचे अभ्यासक. ते मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर गेले आणि त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यातून १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ आला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये निघाला. लोकांच्यात बसल्याशिवाय अशी ओवी हाती लागत नाही.

म्हणून क्षेत्रअभ्यासाला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. पुढं आलेलं पाणी, दूध, चहा मनापासून घ्या. प्रश्न मागनं विचारा, वही त्याच्याही मागनं काढा. आणि आपण कुणाचं काय खातो, काय नाकारतो, हे समोरचा माणूस बघत असतो, हे विसरू नका.

स्वाध्याय: निपाणीच्या उत्तरेला, हुपरीजवळ पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. तिथं जा, किंवा आपल्याच शिवारातल्या एखाद्या तळावर जा. पाहुण्याचं स्वागत करताना वापरलेले दहा शब्द कानांनी टिपा. मराठी कुठलं, कन्नड कुठलं, ते घरी आल्यावर बघू. तिथं असताना फक्त पाव्हणं व्हा.