योहानिसबर्गच्या उतारावर

निफाडच्या द्राक्षबागेत वाढलो. आता जर्मनीत राहतो आणि हंगामात ऱ्हाइनगाऊ भागात तोडणीला जातो. श्लॉस योहानिसबर्ग या वाड्याच्या बागेचा उतार तिथलाच. त्यानं शिकवलेल्या या गोष्टी.

१. बागेआधी उतार बघावा. उत्तरेला निघालेली ऱ्हाइन नदी इथे टाउनुस डोंगर आडवा आल्यामुळे पश्चिमेला वळते. त्यामुळे काठचा उतार थेट दक्षिणेकडे तोंड करून ऊन खातो आणि थंड वारा पाठीमागेच अडतो. ५० अंश अक्षांशावर द्राक्ष पिकतं ते यामुळे.

२. एकाच वाणावर भिस्त ठेवायला छाती लागते. पूर्वी तिकडे एका बागेत अनेक वाण असत. एक गेला तर दुसरा तारेल, हा हिशेब. फुल्डाच्या मठाधिपतींनी १७१६ मध्ये योहानिसबर्गची जागा घेतली आणि १७२०-२१ मध्ये २,९४,००० रिस्लिंग वेली लावल्या. रिस्लिंगची काडी कडाक्याची थंडी सोसते, पण घड उशिरा पिकतो. शेजारच्या गाइझनहाइममध्ये १८८२ साली लवकर पिकणारा म्युलर-थुरगाऊ तयार झाला. सोपा वाण खरा, पण मला विचाराल तर या उताराचं चीज रिस्लिंगनेच केलं.

३. प्रत्येक कूज वाईट नसते. हे पचायला मला सर्वांत जड गेलं, कारण आमच्याकडे मणी कुजला की माल गेला. १७७५ मध्ये तोडणीची परवानगी घेऊन येणारा स्वार फुल्डाहून फार उशिरा पोचला, असं सांगतात. तोवर घडांवर बुरशी चढली होती, तरी वाइन केली आणि ती अप्रतिम निघाली. बोट्रायटिस बुरशी मण्याची साल सच्छिद्र करते. पाणी उडतं, साखर दाटते. मात्र पुढे धुकं-दव आणि मग कोरडं ऊन हवं, पाऊस लागला तर सगळं मातीमोल. एकाच घडात सोनेरी मणी आणि जांभळट, सुरकुतलेले मणी शेजारी असतात. हात लागला की राखाडी भुकटी उडते. आमचा मुकादम घड नाकाशी नेतो. व्हिनेगरचा वास आला तर फेकायचा, मधाचा आला तर वेगळ्या बादलीत.

४. छाटणी एकदाच. नाशकात वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तिथे हिवाळाच वेलीला झोपवतो.

५. खुंट परका असला तरी चालतो. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या बागांची मुळं पोखरली, तेव्हापासून तिथल्या बहुतेक वेली अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या असतात. आमचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच; फक्त आम्ही तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून लावतो.