आंब्याच्या रसांतील पाण्यावरून मुलखाची ओळख

गेल्या वैशाखांत घोडबंदर रस्त्यावर, मानपाड्याच्या पुढें, प्रस्तुत लेखकानें हापूस आंब्याची एक पेटी घेतली. पेटीवर देवगडचें नांव ठसठशीत छापलेलें होतें. तळाशीं अंथरलेलें वर्तमानपत्र मात्र कानडी निघालें. दुसरे दिवशीं विचारतां विक्रेता म्हणाला, "काका, आंबा गोड लागला ना? मग गांव कशाला विचारतां?"

परंतु दर मिळतो तो गांवाच्या नांवावरच. कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर हे पांच जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात. परमुलखाचा माल त्याच नांवानें विकला गेला, तर येथील बागाइतदाराचा भाव उतरतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सातबाऱ्याचे उतारे आम्हीं हजारों लिहिले. आंब्याच्या अंगींही एक उतारा असतो, हें मात्र निवृत्तीनंतर वाचनांत आलें.

पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचें बनतें. पण सर्व हायड्रोजन एका वजनाचा नसतो. अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड यूरी यांनीं १९३१ सालीं दुप्पट वजनाचा हायड्रोजन शोधून काढला. समुद्राच्या पाण्यांत असा अणु सुमारें ६,४०० मध्यें एक असतो. ऑक्सिजनचा जड अणु सुमारें ५०० मध्यें एक. अशा भावंडांस समस्थानिकें म्हणतात. अरबी समुद्रावरील ढग प्रथम कोंकणांत रिता होतो, तेव्हां जड पाणी अधिक गळतें. सह्याद्रि चढतां चढतां उरलेली वाफ हलकी होत जाते. म्हणून घाटापलीकडील पाऊस किनाऱ्याच्या मानानें सामान्यतः हलका. उलट उघड्या तळ्याचें पाणी उन्हानें आटलें कीं जड भाग मागें राहतो. मूळ पाणी शोषतांना सहसा हा हिशेब बदलीत नाहीं. पान मात्र वाफ टाकून रस कांहींसा जड करितें. फळाच्या पाण्यांत व साखरेंत ही खूण उतरते, आणि यंत्रानें ती मोजतां येते.

युरोपांत द्राक्षमद्याची लबाडी पकडण्यासाठीं निरनिराळ्या प्रांतांच्या अस्सल मद्यांच्या मापांचा सरकारी संग्रह १९९१ सालीं सुरू झाला. संशयित बाटली त्याशीं ताडून पाहतात.

मात्र या मापाकडून भलती अपेक्षा करूं नये. देवगड व रत्नागिरी यांत तें क्वचितच भेद करील. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील आंबाही तसाच दिसण्याचा संभव आहे. घाटापलीकडील मैदानी आंबा ओळखण्याची आशा अधिक. शिवाय दरसालचा पाऊस निराळा, पाटाचें पाणी निराळें. म्हणून जमिनींतून फळांत येणाऱ्या स्ट्रॉन्शियम धातूचें मापही जोडीस घेतात. मुख्य गोष्ट ही कीं, दप्तरीं मूळ नोंद नसेल तर तंट्याचा निकाल लागत नाहीं. अस्सल कोंकणी फळांचीं मापें जवळ नसतील तर उत्तम यंत्रही मुकें.

यासाठीं संस्थेच्या सभासदांनीं दर हंगामांत काढणीच्या दिवशींच दोन-तीन झाडांचीं फळें हवाबंद पिशवींत घालून गोठवावीं, व ज्या विहिरीचें पाणी दिलें तिची एक बाटली भरावी. चिठीवर गांव, गट क्रमांक, तारीख व पाणी कोठलें तें लिहावें. पाण्याच्या समस्थानिकांचें काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत व अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंत होत आलें आहे. पृच्छा संस्थेच्या नांवें करावी, एकट्यादुकट्यानें नव्हे. बाटली तोंडोतोंड भरून बूच घट्ट लावावें. अर्धी रिकामी राहिल्यास आंतल्या आंत वाफ होऊन माप बिघडतें.